शहापूर-मुरबाड परिसरातील बांधकामे व कामगाराचे संरक्षण

शहापूर व मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातील सह्याद्रीच्या पायथ्याचे दोन तालुके. मुंबईचा लोहमार्ग, मुंबईचे पाणी आणि मुंबईचा महामार्ग यांसाठी या भागात दीड शतकाहून अधिक काळ मोठी बांधकामे होत आली. अभियंत्यांची नावे इतिहासात नोंदली गेली; मजुराच्या अंगावर संरक्षणासाठी काय होते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. त्याचा संक्षेपाने विचार करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

कसाऱ्याहून इगतपुरीस चढणारा थळ घाटाचा लोहमार्ग ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८६५ मध्ये खुला केला. याच कंपनीच्या भोर घाटात १८५६ ते १८६३ या काळात काम चालले. तेथे उभ्या कड्यावर पाय ठेवण्यास जागा नसल्यामुळे सुरुंगाची भोके पाडणारे मजूर दोराने खाली सोडले जात. कामाचे साधन तोच दोर आणि जीवरक्षक साधनही तोच. १८९२ मध्ये पूर्ण झालेल्या तानसा धरणापर्यंत कठीण शिरस्त्राण बांधकामावर आलेच नव्हते.

ते साधन अमेरिकेत १९१९ च्या सुमारास बुलार्ड या उत्पादकाने प्रथम खाणकामगारांसाठी बाजारात आणले. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाखाली (१९३३-३७) जाळे बांधण्यात आले व त्याने १९ जणांचे प्राण वाचविले. तथापि १७ फेब्रुवारी १९३७ रोजी परांचीच कोसळली, तिच्या भाराने जाळे फाटले आणि दहा कामगार मृत्युमुखी पडले.

आपल्याकडे कायद्याने आधी भरपाईचा विचार केला, प्रतिबंधाचा नंतर. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ चा. बांधकाम कामगारांच्या सुरक्षिततेसाठी देशव्यापी स्वतंत्र कायदा झाला तो १९९६ मध्ये. त्याखालील १९९८ च्या केंद्रीय नियमांनी शिरस्त्राण, सुरक्षापट्टा व जाळे यांची जबाबदारी मालकावर टाकली. त्या कायद्याचा आशय पुढे २०२० च्या संहितेत गोवला गेला.

या संरक्षणाची मर्यादा शहापूर तालुक्यातच दिसून आली. ३१ जुलै २०२३ च्या रात्री, १ ऑगस्ट उजाडण्यापूर्वी, सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर तुळया बसविणारे अवजड यंत्र तुळईसह कोसळले व वीस जणांचा मृत्यू झाला. शिरस्त्राण वरून पडणारा दगड वा हत्यार सोसते. शेकडो टनांचा भार सोसत नाही. पट्टाही ज्या आधारास अडकविला, तो आधार टिकला तरच उपयोगी.

यावरून वैयक्तिक साधने निरुपयोगी ठरत नाहीत. ती संरक्षणाची शेवटची फळी ठरतात. यंत्राची तपासणी, आधाराची बळकटी आणि भाराखाली माणूस न ठेवण्याची शिस्त या फळ्या तिच्या आधीच्या होत. त्या ढासळल्या असता मजुराने टोपी घातली होती काय, एवढाच प्रश्न विचारणे म्हणजे मालकाची जबाबदारी मजुराच्या माथी मारणे होय. भोर घाटातील दोर वर कोणी व कशास बांधला, हे लोंबकळणाऱ्याच्या हाती नव्हते. सरळांब्यातही ते नव्हते.