विषाणूची वाट

विद्वानांच्या चुका सामान्यांच्या चुकांपेक्षां दीर्घायुषी असतात, असें आम्हांस वारंवार वाटत आलें आहे. पोलिओच्या इतिहासांतील एक प्रकरण या दृष्टीनें पाहण्याजोगें आहे.

इ. स. १९०८ सालीं व्हिएन्ना येथें लँडस्टायनर व पॉपर यांनीं या रोगानें दगावलेल्या एका मुलाच्या मज्जारज्जूचा अंश दोन माकडांस टोंचला. स्नायूंना हालविणाऱ्या मज्जापेशींचा जो नाश मुलाच्या मज्जारज्जूंत दिसला होता, तोच माकडांच्याहि मज्जारज्जूंत दिसला. रोगाचें मूळ विषाणु आहे हें लवकरच ठरलें. पण तो तेथवर पोंचतो कोणत्या वाटेनें?

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेचे सायमन फ्लेक्सनर म्हणाले, नाकांतून, वासाच्या मज्जातंतूंच्या द्वारें. त्यांचा शब्द मोठा होता. १९१२ सालीं स्वीडनमध्यें क्लिंग प्रभृतींना रोग्यांच्या आंतड्यांत विषाणु सांपडला, तरी तिकडे फारसें कोणीं पाहिलें नाहीं. फ्लेक्सनरांचे प्रयोग खोटे नव्हते. खोट होती साक्षीदारांत. त्यांचें माकड आपल्याच उत्तर हिंदुस्थानांतील तांबड्या तोंडाचें, आणि त्याला तोंडावाटे हा रोग सहसा जडत नाहीं! शिवाय एका माकडाच्या मज्जेंतून दुसऱ्याच्या मज्जेंत असा वर्षानुवर्षें फिरविलेला तो विषाणु इतरत्र वाढण्याचें जणूं विसरूनच गेला होता.

याचा दंड मुलांनीं भरला. १९३७ सालीं कॅनडांतील टोरोंटो शहरीं सांथ आली, तेव्हां सुमारें ५००० मुलांच्या नाकांत जस्ताच्या क्षाराचा फवारा मारण्यांत आला. रोग टळला नाहीं. कांहींचें घ्राणसामर्थ्य मात्र गेलें. त्या डॉक्टरांना आम्ही दोष देत नाहीं. दाराशीं पांगळेपण येऊन उभें राहिलें असतां आईबापांना ‘थांबा’ म्हणण्याची छाती कोणाला होणार?

१९४१ सालीं सॅबिन व वॉर्ड यांनीं माकडें बाजूस ठेवून मृत रोग्यांचीच तपासणी केली. विषाणु आंतड्यांत होता. मेंदूंतील वासाच्या केंद्रांत नव्हता. पुढें १९४९ सालीं एंडर्स, वेलर व रॉबिन्स यांनीं तो मज्जापेशींवांचूनहि वाढवून दाखविला आणि लशीचा मार्ग मोकळा झाला.

पुढें सॅबिन यांनीं जी लस सिद्ध केली, ती रोगाच्याच वाटेनें, म्हणजे तोंडावाटे द्यावयाची. आपल्याकडे मुलांच्या जिभेवर पडणारे दोन थेंब ते हेच. निसर्गांतील पोलिओ-विषाणूनें पंगु झालेलें आपल्या देशांतील शेवटचें मूल १३ जानेवारी २०११ रोजीं बंगालमधील हावडा जिल्ह्यांत आढळलें.