चोथा कोणासाठी?

‘चोथा माणसाला पचत नाही, पण त्यामुळे पोट साफ राहते.’ हे वाक्य आपण विद्यार्थी असताना पाठ केले आणि पुढे वर्गात सांगितलेही. ते चूक नाही, अर्धे आहे. उरलेले अर्धे हाती यायला बराच काळ जावा लागला. त्याची एक सुरुवात पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या एका शल्यविशारदापासून होते.

डेनिस बर्किट (१९११-१९९३) मूळचे उत्तर आयर्लंडचे. युगांडातील मुलांच्या जबड्यात होणाऱ्या एका कर्करोगाचे वर्णन त्यांनी १९५८ साली प्रसिद्ध केले. तो रोग आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. मोठ्या आतड्याचा कर्करोग मात्र तिथे त्यांना क्वचितच दिसे. १९६६ मध्ये ते ब्रिटनला परतले, तर तिथे हाच रोग नित्याचा. वंश हे कारण मानावे, तर अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना तो होतच होता. मग फरक राहणीत असणार, आणि राहणीत सर्वांत आधी अन्नात.

यानंतर बर्किट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे केले ते वर्गात सांगताना मुले हसतील, हसू द्यावे. क्ष-किरणांत दिसतील अशा प्लॅस्टिकच्या बारीक गोळ्या त्यांनी लोकांना गिळायला दिल्या, नंतर प्रत्येक वेळचा मल पिशवीत गोळा केला, तो तोलला आणि त्याचे क्ष-किरण चित्र घेऊन गोळ्या मोजल्या. १९७२ साली आकडे प्रसिद्ध झाले. युगांडाच्या खेडुतांत अन्नाचा प्रवास सुमारे दीड दिवसात संपत होता आणि रोजचा मल चारशे ग्रॅमहून अधिक भरत होता. ब्रिटिश आरमारातील लोकांत प्रवासाला तीन दिवसांहून अधिक वेळ लागे, आणि मल जेमतेम शंभर ग्रॅम.

बर्किट यांचे स्पष्टीकरण मुख्यतः यांत्रिक होते. चोथ्याने मल वाढतो, त्यातील घातक द्रव्ये विरळ होतात आणि आतड्याच्या अस्तराला फार वेळ चिकटून राहत नाहीत. म्हणजे चोथा हा झाडू. पण झाडूने केर निघाला, तरी भिंतीवर त्याचा काय परिणाम होतो, हा प्रश्न उरतोच.

त्या प्रश्नाचे एक उत्तर १९८० साली विल्यम रोडिगर यांच्या प्रयोगातून मिळाले. शस्त्रक्रियेत काढलेल्या मोठ्या आतड्याच्या तुकड्यांतून त्यांनी अस्तराच्या पेशी सुट्या केल्या आणि त्या कोणते इंधन जाळतात ते पाहिले. शरीरातील बहुतेक पेशींना ग्लुकोज प्रिय. या पेशींनी मात्र ब्युटिरेट पसंत केले. त्यांनी वापरलेल्या ऑक्सिजनपैकी सुमारे ७० टक्के त्याच्याच ज्वलनासाठी लागला. ब्युटिरेट म्हणजे ब्युटिरिक आम्लाचे रूप, खवट लोण्याला वास येतो तो याच आम्लाचा. आतड्यात ते तयार होते जीवाणूंकडून, आणि त्यांचा कच्चा माल असतो चोथा! आपल्याला न पचणारा चोथा जीवाणू आंबवतात आणि त्यांनी टाकून दिलेल्या पदार्थावर आपल्या आतड्याचे अस्तर जगते.

ब्युटिरेट हे नुसते इंधन नाही. पेशीकेंद्रात डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांवरील रासायनिक खुणा पुसणारे एक विकर आहे. ब्युटिरेट त्याला अडवते. त्यामुळे काही जनुके चालू होतात, काही बंद पडतात. निरोगी पेशी ब्युटिरेट जाळून टाकते. कर्करोगी पेशीची भूक ग्लुकोजची, म्हणून तिच्यात ते साठत जाते आणि तिचे विभाजन मंदावते. प्रयोगशाळेत हे दिसले आहे.

इथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. पण २००० साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचा निकाल आला. आतड्यातील गाठी काढलेल्या सुमारे दोन हजार लोकांपैकी जवळपास निम्म्यांना चार वर्षे कमी चरबीचा, अधिक चोथ्याचा आहार सुचवला, तरी नव्या गाठी कमी झाल्या नाहीत. माझ्या मते बर्किट यांच्या कल्पनेला बसलेला हा मोठा धक्का होता, आणि तो लपवू नये.

मग २०१५ साली स्टीफन ओकीफ आणि सहकाऱ्यांनी प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारला. त्यांनी दिलेल्या आकड्यांनुसार अमेरिकेतील कृष्णवर्णीयांत दर लाखात ६५ जणांना हा कर्करोग होत होता; दक्षिण आफ्रिकेच्या ग्रामीण भागात पाचांहून कमी. त्यांनी दोन्हीकडचे वीस-वीस लोक घेतले आणि दोन आठवडे त्यांच्या अन्नाची अदलाबदल केली. अमेरिकनांना मका, कडधान्ये, फळे, म्हणजे रोज सुमारे ५५ ग्रॅम चोथा. आफ्रिकनांना भरपूर मांस आणि चरबी, चोथा १२ ग्रॅम. आधी आणि नंतर दुर्बिणीने आतडे तपासून अस्तराचे नमुने घेतले. सुरुवातीच्या तपासणीत नऊ अमेरिकनांत गाठी सापडल्या, आफ्रिकनांत एकही नाही.

दोन आठवड्यांत चित्र उलटले. अमेरिकनांत ब्युटिरेट अडीच पट झाले, आफ्रिकनांत निम्म्यावर आले. चरबी पचवायला यकृत पित्ताम्ले सोडते. त्यांतली काही मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले जीवाणू त्यांचे रूपांतर पेशींना घातक अशा पित्ताम्लांत करतात. ही घातक पित्ताम्ले अमेरिकनांत ७० टक्क्यांनी घटली, आफ्रिकनांत कित्येक पट वाढली. अस्तरातील विभाजन पावणाऱ्या पेशी आणि दाह एका गटात कमी झाले, दुसऱ्यात वाढले.

अर्थात कर्करोग व्हायला वर्षानुवर्षे लागतात. दोन आठवड्यांत दिसली ती केवळ पेशींची बदललेली चाल. शिवाय चोथा आणि चरबी दोन्ही एकाच वेळी बदलले होते, त्यामुळे कोणाचा वाटा किती, हे या प्रयोगातून वेगळे काढता येत नाही.