विलायती शिरीष : एका वृक्षनामाची साक्ष

महाराष्ट्रातील शहरांत जुन्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंनी कमान धरणारा जो विशाल छायावृक्ष आढळतो, त्यास मराठीत ‘विलायती शिरीष’ अशी संज्ञा आहे. केवळ नामावरून वस्तूचा इतिहास कितपत सिद्ध होतो, या प्रश्नाचा विचार करण्यास हे उदाहरण उपयुक्त आहे.

वनस्पतिशास्त्राची साक्ष स्पष्ट आहे. हा वृक्ष मूळचा मध्य अमेरिकेचा व दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागाचा. व्हेनेझुएलातील माराकाय नगरानजीकच्या अशाच एका प्रचंड वृक्षाचे वर्णन हम्बोल्ट याने १८०० मधील आपल्या प्रवासाच्या वृत्तांतात केले आहे. हवाई बेटांवर त्याची दोन बीजे १८४७ मध्ये नेली गेली, असे परंपरा सांगते. अर्थात विलायतेशी, म्हणजे इंग्लंडशी, त्याच्या जन्मभूमीचा काहीही संबंध नाही.

मग आपले नाव खोटे म्हणावे काय? येथे समासाची दोन पदे वेगळी करून पाहिली पाहिजेत. ‘विलायत’ हा मूळ अरबी शब्द. त्याचा अर्थ राज्य वा प्रांत. इंग्रजी अमलात तो इंग्लंडवाचक झाला आणि ‘विलायती’ हे विशेषण परदेशी वस्तुमात्रास लागू लागले. मेक्सिकोकडील झाडास आपण ‘विलायती चिंच’ म्हणतो, ते याच न्यायाने. ‘आपल्यासारखे, परंतु आपले नव्हे’ एवढाच या विशेषणाचा आशय. विशेष्याची गोष्ट निराळी. संयुक्त पाने, पुंकेसरांचा झुबकेदार फुलोरा आणि शेंगा पाहून लोकांनी या परक्यास शिरीषाच्या गोत्रात बसविले. शास्त्रानेही दोघांस एकाच कुळात गणले आहे.

मलय भाषेत याच वृक्षास ‘पुकुल लिमा’, म्हणजे ‘पाच वाजले’, असे म्हणतात. कारण सायंकाळी त्याची पाने मिटतात. तेथे गुणधर्म नावात उतरला, आपल्याकडे नाते उतरले.

तात्पर्य, या नावातील विशेष्य वस्तूविषयी विश्वसनीय साक्ष देते. विशेषण मात्र नाव ठेवणाऱ्या समाजाच्या अनुभवाविषयी. विशेषणाच्या आधारे वस्तूचे मूलस्थान ठरविणारा अभ्यासक फसतो. आणि ते अशुद्ध म्हणून टाकून देणारा, त्या समाजाच्या इतिहासाचे एक साधन गमावतो.