बाँडीची पुळण आणि सुट्टीची गर्दी

सुट्टीच्या दिवशीं समुद्रकिनाऱ्यावर लोटणाऱ्या गर्दीचा बंदोबस्त कसा करावा, हा प्रश्न मुंबईच्या चौपाटीपासून गोव्याच्या कळंगुटपर्यंत सर्वत्र ऐकूं येतो. पर्वकाळीं समुद्रस्नान करण्याची चाल आपल्याकडे पूर्वापार आहे. पण केवळ मौजेसाठीं हजारों माणसांनीं एकाच वेळीं लाटांत शिरावें, ही गोष्ट अर्वाचीन आहे. तिच्यापासून उद्भवणारे बहुतेक प्रश्न ज्या एका शहराला प्रथम आणि कठोरपणें भेटले, तें शहर म्हणजे ऑस्ट्रेलियांतील सिडनी. तेथें नाताळची सुट्टी भर उन्हाळ्यांत येते आणि सारें शहर पुळणीकडे धांवतें.

गंमत अशी कीं, विसाव्या शतकाच्या आरंभीं याच शहरांत दिवसाढवळ्या समुद्रस्नान करणें हा गुन्हा होता. सकाळीं ६ पासून रात्रीं ८ पर्यंत चारचौघांच्या दृष्टीस पडेल अशा जागीं पाण्यांत उतरण्यास मनाई होती. मनाईचें कारण जिवाचा धोका नव्हे, तर लोकलज्जा! १९०२ च्या ऑक्टोबरांत मॅनली येथील एका वृत्तपत्राचे संपादक विल्यम गोचर यांनीं आपल्या पत्रांतून आगाऊ जाहीर करून भर दिवसा समुद्रांत उडी घेतली. पहिल्या खेपेस कोणी त्यांची दखलच घेतली नाहीं, तेव्हां त्यांनीं पुन्हां जाहीर करून पुन्हां स्नान केलें. अखेर पोलिसांनीं त्यांना पाण्याबाहेर काढलें, पण खटला कांहीं भरला नाहीं. पुढील वर्षीं, नोव्हेंबर १९०३ मध्यें, मॅनलीच्या नगरपालिकेनें ही बंदी उठविली. अट एकच, कीं अंगावर गळ्यापासून गुडघ्यापर्यंत वस्त्र असावें.

बंदी उठली, पण जे लोक आतां पाण्यांत उतरले त्यांतील बहुतेकांना समुद्राची ओळख नव्हती. पुष्कळांना पोहणेंहि येत नव्हतें. पाणी लाटेबरोबर किनाऱ्याकडे येतें, तसें तें परतहि जावें लागतें. किनाऱ्यापासून कांहीं अंतरावर पाण्याखालीं वाळूचे उंचवटे असतात; त्यांच्यामधील खोलगट वाटेनें हें परतीचें पाणी मोठ्या वेगानें आंत ओढलें जातें. त्या वाटेवर लाटा फारशा फुटत नाहींत, म्हणून अनभिज्ञ माणसास नेमकी तीच जागा शांत व सुरक्षित वाटते. एकदां त्या ओढींत सांपडलेला माणूस घाबरून सरळ किनाऱ्याकडे हात मारूं लागतो, आणि थकून बुडतो. किनाऱ्याला समांतर पोहून ओढीच्या बाहेर पडावें, किंवा मदत येईपर्यंत हात वर करून तरंगत राहावें, हें त्याला कोणी सांगितलेलेंच नसतें.

या अनर्थावर उपाय निघाला तो सरकारी कचेरींत नव्हे, तर पुळणीवरच. नित्य पोहणाऱ्या तरुणांनीं मंडळें स्थापन करून आळीपाळीनें विनावेतन पहारा देण्यास आरंभ केला. यांतील पहिलें मंडळ कोणाचें, याविषयीं बाँडी, ब्राँटी व मॅनली यांच्यांतील वाद अद्याप मिटलेला नाहीं, आणि तो मिटावा अशी कोणाची इच्छाहि दिसत नाहीं. बाँडीचें मंडळ १९०७ च्या फेब्रुवारींतलें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत साऱ्या मंडळांची मध्यवर्ती संस्था निघाली. बाँडीच्या मंडळींनीं १९०६ च्या अखेरीस एक साधा रहाट तयार केला होता. त्यावर लांब दोर गुंडाळलेला असे. दोराच्या टोकाचा पट्टा अंगाला बांधून एक जण बुडणाऱ्याकडे पोहत जाई, आणि किनाऱ्यावरील सोबती दोर सोडीत व मग ओढून घेत. दोऱ्याचें रीळ आणि केसांचे आकडे घेऊन या रहाटाचा पहिला नमुना केला गेला, असें सांगतात. २ जानेवारी १९०७ रोजीं बाँडीच्या पाण्यांतून स्नान करणाऱ्यांनीं एका लहान मुलास वांचविलें. तोच पुढें वैमानिक चार्ल्स किंग्सफर्ड स्मिथ म्हणून प्रसिद्धीस आला. १९२८ सालीं प्रशांत महासागर विमानानें ओलांडणारा पहिला तो.

या साऱ्या व्यवस्थेची कसोटी रविवार, ६ फेब्रुवारी १९३८ रोजीं लागली. त्या वर्षीं सिडनीच्या वसाहतीस १५० वर्षें पूर्ण झालीं होतीं. दिवस उकाड्याचा, आणि बाँडीवर सुमारें ३५ हजार माणसें जमलीं होतीं. समुद्र खवळलेला असूनहि शेंकडों लोक पाण्याखालच्या वाळूच्या उंचवट्यावर उभे राहून लाटा अंगावर घेत होते. दुपारीं तीनच्या सुमारास तीन प्रचंड लाटा एकापाठोपाठ एक अशा आल्या. त्यांचें पाणी परत फिरलें, तेव्हां अडीचशेंच्या आसपास माणसें पायांखालची वाळू सुटून खोल पाण्यांत ओढलीं गेलीं.

सुदैवाची गोष्ट ही, कीं त्याच वेळीं पहारा बदलत होता. त्यामुळें एरवीं असत त्याहून कितीतरी अधिक, म्हणजे साठांहून जास्त, जीवरक्षक पुळणीवर हजर होते. मिळेल तो रहाट, फळी व होडी घेऊन ते पाण्यांत शिरले. पण समुद्राइतकीच भीति तेथें गर्दीचीहि होती. बुडणारे लोक दोरालाच लटकले. किनाऱ्यावरील बघ्यांनीं मदतीच्या भरांत दोर इतक्या जोरानें ओढले, कीं पट्टा बांधलेले रक्षकच पाण्याखालीं जाऊं लागले. ज्यानें कधीं जत्रेंत चेंगराचेंगरी पाहिली आहे, त्याला हें दृश्य परकें वाटणार नाहीं. सुमारें ३५ जणांना बेशुद्ध स्थितींत बाहेर काढून शुद्धीवर आणण्यांत आलें. पांच जण दगावले. एवढ्या संकटांत पांचच, हें त्या मंडळांचें खरें प्रमाणपत्र होय. यांपैकीं एकाहि रक्षकास दमडी मिळत नव्हती. या मंडळांत स्त्रियांना मात्र पहाऱ्याचा पूर्ण अधिकार मिळण्यास १९८० साल उजाडावें लागलें, हेंहि येथें नमूद केलें पाहिजे.

सिडनीच्या या अनुभवांतून जी पद्धति रूढ झाली, ती अत्यंत साधी आहे. रक्षक रोज सकाळीं समुद्र पाहतात, ओढ नसलेली जागा निवडतात आणि तिच्या दोहों बाजूंस तांबडें-पिवळें निशाण रोवतात. स्नान करावयाचें तें या दोन निशाणांच्या मध्यें. जहाजांच्या निशाणांच्या भाषेंत ‘माणूस पाण्यांत पडला’ हें सांगणाऱ्या निशाणाचे रंगहि हेच आहेत. अशा रीतीनें कित्येक मैलांची पुळण राखण्याऐवजीं थोडीशी जागा डोळ्यांत तेल घालून राखतां येते, आणि गर्दी आपोआप रक्षकांच्या नजरेसमोर एकवटते.

हींच दोन रंगांचीं निशाणें आज गोव्याच्या किनाऱ्यावर दिसतात. तेथें २००८ सालीं सरकारनें जीवरक्षणाचें काम एका खासगी संस्थेकडे सोंपविलें. रक्षक पगारी आहेत. कोंकणच्या लांबलचक किनाऱ्याला अशी सलग व्यवस्था लाभली नव्हती. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं मुरुड-जंजिऱ्याच्या पुळणीवर पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडाले. अशी दुर्घटना घडली कीं प्रथम सुचतो तो उपाय म्हणजे बंदीचा फलक. फलक लावण्यास एक दिवस पुरतो. पहारा मात्र रोज द्यावा लागतो.

राहिला प्रश्न कचऱ्याचा. येथें सिडनीकरांचा अभिमान जरा खालीं येतो. त्यांच्या शहराचें सांडपाणीच कित्येक वर्षें बाँडीजवळ समुद्रांत पडत असे. तें नळानें दूर खोल समुद्रांत नेऊन सोडण्याची सोय १९९१ सालीं झाली. त्यापूर्वीं दोन वर्षें, ८ जानेवारी १९८९ रोजीं, नौकापटु इयान किअर्नन यांच्या हांकेसरशीं सुमारें ४० हजार माणसें सिडनीचें बंदर साफ करण्यास उतरलीं. शिडाच्या होडींतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करतांना भर महासागरांत कचरा तरंगतांना पाहून त्यांना ही कल्पना सुचली होती. मुंबईंत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वकील अफरोज शाह यांनीं ऑक्टोबर २०१५ पासून असेंच काम दर आठवड्यास चालविलें, आणि मार्च २०१८ मध्यें त्या पुळणीवर कासवाचीं पिल्लें अंड्यांतून बाहेर पडून समुद्राकडे जातांना लोकांनीं पाहिलीं.

परंतु बुडणाऱ्यास वांचविणारे हात मिळतात तसे आपलाच कचरा उचलणारे हात मिळत नाहींत. २०१६ च्या नाताळाच्या दिवशीं सिडनीच्या कूजी या पुळणीवर दहा हजारांहून अधिक तरुण मौज करण्यास जमले. ते गेल्यावर बाटल्या, डबे व कागद मिळून सुमारें १५ टन कचरा मागें उरला, आणि तो उचलतां उचलतां नगरपालिकेच्या झाडूवाल्यांचा सण संपला. नगरपालिकेनें त्यानंतर त्या पुळणीवर मद्यपानास बंदी केली.