हाताचं मोल

रमजानचा शेवटचा आठवडा लागला की आमच्या मोहल्ल्यातल्या बेकरीपुढे जोहरनंतर रांग लागते. बायका आणि पोरं, हातात पत्र्याचे ट्रे, वर ओला पंचा झाकलेला. पीठ घरचं, तूप घरचं, साखर घरची. बेकरीवाल्याची फक्त भट्टी. पाव काढून झाल्यावर भट्टीत जी धग उरते, तिच्यात नानखटाई भाजून घ्यायची आणि किलोमागे ठरलेले पैसे द्यायचे. ट्रेची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकीची खूण वेगळी. कुणी चिठ्ठी ठेवतं, कुणी कोपऱ्यातल्या खटाईवर बदामाऐवजी लवंग टोचतं. आमच्या अम्मीची लवंग असायची.

दोन वर्षांपूर्वी या रांगेत माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई भेटली. तिच्यापुढे सहा ट्रे होते. ईदच्या ऑर्डरी घेतल्या होत्या तिने. मी भाव विचारला. म्हणाली, "एकसोसाठ रुपये किलो, टीचर. बेकरी में दोसो को मिलती, घर की है तो कमीच लेना ना."

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, गणित नाही. पण ट्रे आत जाईपर्यंत अर्धा तास होता, म्हणून एका वहीच्या पाठपानावर आम्ही हिशेब मांडला. एका घाण्याला मैदा एक किलो, ४२ रुपये. डालडा पाऊण किलो, १२०. पिठीसाखर पाऊण किलो, ३५. बेसन पाव किलो, २५. रवा ५, वेलची-जायफळ-बदाम ४०, सोडा वगैरे ३. झाले २७०. भट्टीचे ५०, पुठ्ठ्याच्या खोक्यांचे ४०. एकूण ३६०. माल निघतो अडीच किलो, म्हणजे विक्री ४०० रुपयांची. ती खूश झाली, चाळीस सुटतात म्हणून. मग मी विचारलं, ट्रे घेऊन आलीस कशी? रिक्षाने. वीस रुपये येताना, वीस जाताना. घाणा घाण्याने वेगवेगळ्या दिवशी.

ती गप्प झाली. मग हसून म्हणाली, "जाने दो टीचर, अपने हातां का पैसा कोन देता?"

हा प्रश्न मला रोजा सुटेपर्यंत आणि नंतरही छळत राहिला. आपल्या हाताचे पैसे कोण देतं? मी जुनी पुस्तकं उघडून बसले, कारण मला तेवढंच येतं.

पहिल्यांदा अबुल फजल. 'आईन-ए-अकबरी'त शाही मुदपाकखान्याचं प्रकरण आहे आणि त्यात रोट्यांचं एक छोटं कलम. तंदुरात भाजलेल्या मोठ्या रोटीचं प्रमाण तिथे दिलंय : पीठ १० शेर, दूध ५ शेर, तूप दीड शेर, मीठ पाव शेर. याच ग्रंथात थोडं पुढे बाजारभावांची यादी आहे. बारीक पीठ मणाला २२ दाम, दूध २५ दाम, तूप १०५ दाम, मीठ १६ दाम. मण ४० शेरांचा, रुपया ४० दामांचा. अबुल फजलने या दोन याद्या एकत्र करून दाखवलेल्या नाहीत, पण आपण करू शकतो. पिठाचे साडेपाच दाम, दुधाचे तीनहून थोडे जास्त, तुपाचे चाराला थोडे कमी, मिठाचा दामाचा दहावा हिस्सा. बेरीज पावणेतेरा दामांच्या आत-बाहेर.

ही रक्कम केवढी? त्याच ग्रंथात मजुरीचे दरही आहेत. पहिल्या प्रतीच्या सुताराला रोज ७ दाम. पहिल्या प्रतीच्या पाणक्याला, म्हणजे सक्क्याला, रोज ३ दाम. त्या एका घाण्याचा नुसता माल म्हणजे सक्क्याची चार दिवसांची कमाई. माझ्या डोक्यात मात्र दुसरीच गोष्ट राहिली. सुताराच्या हाताचा भाव लिहिलाय, सक्क्याच्या पाठीचा लिहिलाय, बांबू चिरणाऱ्याचाही आहे. रोटीच्या कलमात फक्त माल आहे. ते तसंच असणार म्हणा, मुदपाकखान्याची माणसं बादशहाच्या पगारावर होती, त्यांचा खर्च दुसऱ्या खात्यात. आपल्या घरात ते दुसरं खातंच नसतं. आपल्या अम्मींच्या हिशेबाची वही रोटीच्या कलमापाशी संपते.

आता भट्टीकडे येते. बाराव्या शतकात शाम देशात, म्हणजे आजच्या सिरियाच्या भागात, अल-शैझरी नावाच्या लेखकाने बाजार-निरीक्षकासाठी एक मार्गदर्शक पुस्तक लिहिलं. या निरीक्षकाला मुहतसिब म्हणत आणि त्याच्या कामाला हिस्बा. त्यात रोटी विकणाऱ्यांचं प्रकरण वेगळं आणि लोकांच्या घरचं पीठ भाजून देणाऱ्या भट्टीवाल्यांचं वेगळं. भट्ट्या गल्लोगल्ली हव्यात, कारण लोकांना त्यांची गरज मोठी आहे. घरोघरचे ट्रे जास्त झाले तर प्रत्येकावर ओळखीची खूण हवी, म्हणजे एकाचा माल दुसऱ्याकडे जाणार नाही. मासळी भाजायची भट्टी वेगळी, नाहीतर तिची चरबी रोटीला लागेल. खुणेचं वाक्य वाचताना मला अम्मीची लवंग आठवली आणि थोडा वेळ पुस्तक बाजूला ठेवावं लागलं. आठशे वर्षांहून जुनी आहे आमची रांग.

रोटीवाल्यांसाठीचे नियम तर आजच्या कुठल्याही खाद्य परवान्याच्या तोंडात मारतील असे आहेत. पीठ मळणाऱ्याने पाय, गुडघे, कोपर वापरायचं नाही. तोंडावर फडकं बांधायचं, शिंक किंवा थुंकी पडू नये म्हणून. कपाळाला पांढरी पट्टी, घाम टपकू नये म्हणून. दिवसा मळत असेल तर माश्या हाकलायला एक माणूस उभा करायचा. माझ्या विद्यार्थ्याच्या आईच्या घरी माश्या हाकलायला तिची सासू बसते. तिचीही मजुरी कुठे लागत नाही.

भावाचं काय? इथे आपल्याकडे दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक म्हणतं, इस्लाममध्ये नफा मोकळा आहे, वाटेल तो भाव लावा. दुसरं म्हणतं, नेकीचा व्यापार म्हणजे शेकडा पाच टक्के, त्यापुढे लालच. दोन्ही मतांच्या मागे एकेक जुनी हकिकत आहे आणि दोन्ही अर्धवट सांगितल्या जातात.

पहिली हदीस प्रसिद्ध आहे. मदिनेत महागाई झाली, लोकांनी पैगंबर (स.) यांना भाव ठरवून द्यायची विनंती केली आणि त्यांनी नकार दिला. भाव चढवणारा-उतरवणारा अल्लाह आहे, आणि कुणावर जुलूम केल्याचा दावा माझ्यावर नसताना मला त्याच्यासमोर जायचं आहे, असा त्या उत्तराचा आशय. म्हणजे नकारामागचं कारण जुलूम टाळणं हे होतं. विकणाऱ्यावरही जुलूम होऊ शकतो, ही जाणीव त्यात आहे. ही हदीस फक्त व्यापाऱ्याच्या बाजूने वाचणाऱ्यांना ती धान्याच्या ढिगाची हदीस सहसा आठवत नाही. पैगंबरांनी ढिगात हात घातला तेव्हा वरचं धान्य कोरडं आणि आतलं ओलं निघालं होतं.

दुसरी हकिकत इमाम गजालींनी (मृत्यू ११११) 'इह्या'त दिली आहे. बगदादचे सूफी सरी सक्ती हे व्यापारही करत. त्यांनी ६० दीनारांना बदाम घेतले आणि वहीत लिहून ठेवलं : विक्री ६३ला, नफा तीन. दहा दीनारांवर अर्धा दीनार. मग बाजार चढला, बदाम नव्वदवर गेले. दलाल आला आणि नव्वद देऊ लागला. सरी म्हणाले, मी त्रेसष्टलाच देणार, तसा मी मनाशी करार केलाय. दलालही तसाच निघाला. म्हणाला, मीही करार केलाय, कुणाला फसवणार नाही, घेईन तर नव्वदलाच. शेवटी ना याने विकले ना त्याने घेतले.

किती सुंदर गोष्ट आहे. पण तिच्यातून घरी नानखटाई करणाऱ्या बाईला पाच टक्क्यांचा धडा देणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. सरी सक्तींनी बदाम घेतले आणि बदामच विकायला काढले. ते सोलले नाहीत, कुटले नाहीत, तुपात फेसले नाहीत. रिक्षा धरून आमच्या त्या बाईचा खर्च किलोला १६० होता. तिच्या हिशेबात पाच टक्के म्हणजे आठ रुपये. पाच तासांच्या घाण्याला वीस रुपये. गजालींनीच दुसरीकडे लिहिलंय की एक रोटी ताटात येईपर्यंत शेतकऱ्यापासून भट्टीवाल्यापर्यंत हजाराहून जास्त माणसांचे हात लागलेले असतात. ते हात मोजायला सांगणारा माणूस स्वतःचा हात सोडून द्या असं म्हणाला असेल, हे मला पटत नाही.

आता फिकहची एक बारीक गोष्ट, कारण तिच्या सासऱ्यांनी मला तीच ऐकवली. 'मुराबहा' नावाचा विक्रीचा एक प्रकार आहे. त्यात विकणारा आपला खर्च उघड सांगतो आणि वर ठरलेला नफा घेतो. खर्चात काय धरता येतं, याची चर्चा 'हिदाया'त आहे : धोब्याची मजुरी, रंगाऱ्याची, नक्षीकाम करणाऱ्याची, माल वाहून आणण्याची. पण औरंगजेबाच्या काळात संकलित झालेल्या 'फतावा आलमगिरी'त स्पष्ट लिहिलंय की तेच काम मालकाने स्वतःच्या हाताने केलं असेल तर त्याची मजुरी खर्चात मिळवायची नाही. सासरे म्हणाले, "देखा? अपने हात का मोल नहीं होता."

मी त्यांचा आदर करते. ते माझ्या अब्बांच्या वयाचे आहेत. पण हा नियम खरेपणाचा आहे. जो पैसा खिशातून गेलाच नाही तो 'मला एवढा खर्च आला' असं म्हणून गिऱ्हाइकाला सांगू नका, इतकंच तो सांगतो. नफा किती घ्यायचा हे तो सांगत नाही. हाताचं मोल खर्चाच्या रकान्यात बसत नसेल तर नफ्याच्या रकान्यात बसतं. शिवाय खर्च न सांगता घासाघीस करून किंवा एक भाव सांगून विकण्याची मुभा आहेच, आपण रोज तेच करतो.

मग किती? मला इब्न तैमिय्यांची मदत झाली. हे अलाउद्दीन खिलजीचे समकालीन. दिल्लीत खिलजी गव्हाचा भाव मणाला साडेसात जीतल ठरवत होता आणि माप मारणाऱ्याच्या अंगाचं मांस काढत होता, असं बरनी लिहितो. तिकडे दमिश्कमध्ये इब्न तैमिय्या हिस्बावरच्या पुस्तकात भाव ठरवणं कधी जुलूम आणि कधी न्याय, याचा ऊहापोह करत होते. त्यांचा एक शब्द उर्दूत 'उजरत-ए-मिस्ल' म्हणून आला : त्या कामाला इतरांना जी मजुरी मिळते ती. विणकर, शेतकरी, गवंडी यांच्या कामाची लोकांना गरज असेल तर कारागिराने त्याहून जास्त उकळू नये आणि लोकांनीही त्याला कमी देऊ नये. म्हणजे प्रश्न सोपा झाला. हेच काम शेजारणीला सांगितलं तर ती काय घेईल?

मी तिला हे विचारलं. ती लगेच म्हणाली, "दो सो से कम में कोन आएगी?" स्वतःच्या हाताला शून्य आणि शेजारणीच्या हाताला दोनशे, हा भाव तिला तोंडपाठ होता.

नानखटाईच्या जन्माची सुरतेत जी कथा सांगतात, तीही गमतीशीर आहे. डच लोकांसाठी पाव भाजणारी भट्टी एका पारशी कामगाराकडे आली. डच गेले, गिऱ्हाईक गेलं, पाव उरू लागला. ताडी घातलेला पाव इथल्या लोकांना नको होता. उरलेला पाव वाळला की तो स्वस्तात विकायचा, आणि तो वाळका पावच लोकांना आवडू लागला, मग पुढे त्यातून खटाई आली. कथा किती खरी ते असो, पण 'स्वस्तात' हा शब्द तिच्यात मुळापासून आहे. नान हा फारसी शब्द, खटाईच्या मुळाशी 'खता', म्हणजे चीनचं जुनं नाव, आहे असं एक मत आहे. नावात पार चीन आणि भाव मात्र वाळक्या पावाचा.

तिने भाव बदलण्याआधी मी तिला आणखी एक हदीस सांगितली. इब्न माजांच्या संग्रहात ती आहे. हदीसचे जाणकार तिची साखळी कमजोर मानतात, हेही सांगितलं. कैला नावाची एक खरेदी-विक्री करणारी बाई पैगंबरांकडे आली. म्हणाली, मी विकताना आधी जास्त सांगते, मग उतरत उतरत मनातल्या भावावर येते. उत्तर मिळालं की असं करू नकोस, जो हवा आहे तोच भाव सांग, मग कुणी देवो वा न देवो. साखळी कमजोर असेल, पण त्या बाईचा बाजार किती ओळखीचा वाटतो! आमची बाई उलटीकडून तेच करत होती. मनातला भाव न सांगता आधीच खाली उतरून बसली होती.

यंदा तिने २४० रुपये सांगितले. अडीच किलोचे ६००, खर्च ४००, हातात २००. दोन जुन्या गिऱ्हाइकांनी तोंड वाकडं केलं, त्यातली एक माझी नणंद. सासऱ्यांनी काही म्हटलं नाही. खोक्यांना दोऱ्या बांधायला ते स्वतः बसले होते. रांगेत मी तिच्या मागेच होते. तिच्या ट्रेवर आता खूण म्हणून पिस्त्याचा तुकडा असतो. मी म्हटलं, पिस्ता महाग पडतो. म्हणाली, "लिखा है टीचर, हिसाब में लिखा है."