दानीएलाची चार साम्राज्ये

बायबलच्या जुन्या करारातील दानीएलाच्या ग्रंथात जगावर एकामागून एक येणाऱ्या चार राजवटी सांगितल्या आहेत, आणि त्यांच्यानंतर येणारे, कधीही न मोडणारे देवाचे राज्यही. या राजवटी इतिहासातल्या साम्राज्यांशी जुळवायच्या, त्यांच्या उदयास्तावरून आपण काळाच्या कोणत्या टप्प्यावर आहोत ते ठरवायचे आणि उरलेले भाकीत कधी खरे होईल याचा हिशेब मांडायचा, ही पद्धत ज्यू आणि ख्रिस्ती परंपरांत सुमारे दोन हजार वर्षे चालत आली आहे. महाराष्ट्रात या पद्धतीचे मोठे केंद्र विसाव्या शतकात पुण्यात उभे राहिले. त्याच पुणे जिल्ह्यात बारामतीच्या मिशनबरोबर तिच्या अगदी उलट वाचनाची परंपराही आली.

मूळ मजकूर : दुसऱ्या अध्यायात बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर स्वप्न पाहतो आणि दरबारच्या पंडितांना बजावतो की अर्थ तर सांगाच, पण स्वप्नही तुम्हीच सांगा, नाहीतर तुमचे तुकडे करीन. यहुदी बंदिवान दानीएल ते सांगतो. प्रचंड पुतळा, डोके सोन्याचे, छाती आणि हात रुप्याचे, पोट आणि मांड्या पितळेच्या, पाय लोखंडाचे, पावले काही लोखंडाची तर काही मातीची. कोणाचा हात न लागता सुटलेली एक शिळा पावलांवर आदळते, सगळ्या पुतळ्याचा चुरा होऊन तो खळ्यातल्या भुशासारखा उडून जातो आणि त्या शिळेचा डोंगर होऊन पृथ्वी व्यापतो. सातव्या अध्यायात हीच कथा चार श्वापदांतून येते. गरुडाचे पंख असलेला सिंह, तोंडात बरगड्या धरलेले अस्वल, चार डोक्यांचा चित्ता आणि लोखंडी दातांचे, दहा शिंगांचे एक बिननावाचे चौथे जनावर. त्याच्या शिंगांतून एक लहान शिंग फुटते आणि मोठमोठ्या बढाया मारू लागते. आठव्यात मेंढा आणि बकरा यांची झुंज आहे.

ग्रंथ स्वतः काय उलगडून सांगतो, हे नीट पाहिले पाहिजे. सोन्याचे डोके म्हणजे नबुखद्नेस्सर, मेंढा म्हणजे मेदी आणि पारसी यांचे राजे, बकरा म्हणजे ग्रीक सत्ता. इथवर नावे दिली आहेत. चौथ्या राज्याचे नाव कुठेही नाही. पुढचा सगळा व्यवहार या एका मौनावर उभा आहे.

लेखनकाळ : कथा इ. स. पू. सहाव्या शतकात, बाबेलच्या बंदिवासात घडते. ग्रंथ मात्र इ. स. पू. १६५च्या सुमारास आजच्या रूपात आला, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. त्याचे मुख्य कारण अकराव्या अध्यायात आहे. अलेक्झांडरनंतर इजिप्तचे टॉलेमी आणि सीरियाचे सेल्युकस घराणे यांच्यात झालेल्या लढाया, सोयरिकी आणि दगाफटके तिथे इतक्या बारकाईने येतात की ती नावे न घेता लिहिलेली बखरच वाटते. यरुशलेमचे मंदिर भ्रष्ट करणाऱ्या चौथ्या अँटायोकसपर्यंत, म्हणजे इ. स. पू. १६७पर्यंत, तपशील जुळतात. त्यानंतर तो राजा समुद्र आणि पवित्र डोंगर यांच्या दरम्यान मरेल असे ग्रंथ सांगतो, आणि अँटायोकस इ. स. पू. १६४मध्ये मेला तो दूर पर्शियाकडे. जुळणी सुटते तिथेच लेखकाचा काळ असावा, हा तर्क इ. स. तिसऱ्या शतकात पॉर्फिरी या ख्रिस्ती धर्माच्या टीकाकार तत्त्वज्ञाने मांडला होता. त्याला उत्तर म्हणून जेरोम या ख्रिस्ती विद्वानाने इ. स. ४०७मध्ये दानीएलावर भाष्य लिहिले. पॉर्फिरीचे पुस्तक नष्ट करण्यात आले. त्याचा युक्तिवाद आज कळतो तो मुख्यतः जेरोमने खोडून काढण्यासाठी दिलेल्या उताऱ्यांवरून. पारंपरिक ख्रिस्ती अभ्यासक अजूनही इ. स. पू. सहाव्या शतकाचीच बाजू घेतात. मृत समुद्राजवळच्या कुम्रानच्या गुहांत या ग्रंथाच्या आठ हस्तलिखितांचे तुकडे सापडले. तो तिथे फार वाचला जात होता एवढे त्यांवरून नक्की ठरते.

मोजणीचा घोळ : चार राज्ये कोणती? इ. स. पू. दुसऱ्या शतकातला लेखक धरला तर बाबेल, मेदी, पारसी आणि ग्रीक अशी यादी होते. मेदी आणि पारसी एकच धरले तर ग्रीक तिसरे ठरतात आणि चौथी जागा रोमला मिळते. पारसी राजा कोरेशने मेदीचे राज्य इ. स. पू. ५५०मध्ये घेतले आणि बाबेल ५३९मध्ये, त्यामुळे बाबेलनंतर स्वतंत्र मेदी साम्राज्य झालेच नाही. पण ग्रंथात दारयावेश नावाचा मेदी राजा बाबेलच्या गादीवर बसतो आणि कोरेश त्याच्यानंतर येतो. हा दारयावेश इतर कोणत्याही साधनात सापडत नाही. तेव्हा इतिहास एका यादीकडे ओढतो आणि ग्रंथाचा आठवा अध्याय, गंमत म्हणजे, मेदी-पारसींचा एकच मेंढा करून त्याच यादीला हात देतो.

हा पेच समजायला इंदापूर तालुका पुरेसा आहे. बारामती–इंदापूर रस्त्यावरच्या, तुकोबांच्या पालखीचा मुक्काम पडतो त्या सणसरच्या शिवारावर किती राजवटी झाल्या? बहमनी, निजामशाही, १६३६मध्ये निजामशाही बुडाल्यावर आदिलशाही, मोगलांची ये-जा, मराठे, १८१८पासून इंग्रज. निजामशाही आणि आदिलशाही बहमनींचेच तुकडे म्हणून एकत्र धरायच्या की दोन? छत्रपती आणि पेशवे वेगळे मोजायचे का? शहाजीराजांच्या जहागिरीकडून पाहणारा एक आकडा सांगेल, जमीन महसुलाकडून पाहणारा दुसरा. कारण महसुलाच्या हिशेबात इथला मोठा खंड १८३६चा आहे, गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात शेतांची मोजणी करून तीस वर्षांची जमाबंदी लावली तेव्हाचा. साम्राज्यांना आपापले कप्पे नसतात, ते मोजणारा पाडतो.

रोमची नेमणूक : चौथे राज्य ग्रीकांकडून रोमकडे कधी सरकले, याचा लेखी पुरावा आहे. इ. स. ७०मध्ये रोमनांनी मंदिर जाळल्यावर लिहिलेल्या ‘एज्राचे चौथे पुस्तक’ या ज्यू ग्रंथात समुद्रातून गरुड वर येतो, आणि देवदूत एज्राला सांगतो की हेच दानीएलाला दिसलेले चौथे राज्य, फक्त त्याला त्याचा अर्थ असा सांगितला नव्हता. जुना अर्थ बदलतो आहोत याची इतकी उघड कबुली अशा वाङ्मयात क्वचितच मिळते. त्याच सुमाराचा ज्यू इतिहासकार जोसेफस दानीएलाची गोष्ट सविस्तर सांगतो, पण शिळेपाशी आल्यावर आपण भूतकाळ लिहितो, भविष्य नव्हे, असे म्हणून पुढे सरकतो. रोमच्या बादशहांच्या आश्रयाने रोममध्येच बसून लिहिणाऱ्याला दुसरे काय सुचणार?

रोम बुडाल्यावर चौथ्या राज्याला शेपूट जोडणे भाग पडले. दहा शिंगे म्हणजे रोमच्या तुकड्यांतून निघालेली युरोपीय राज्ये आणि लहान शिंग म्हणजे ज्याचा त्याचा शत्रू. ल्यूथरच्या मते ते तुर्क होते, इतर प्रॉटेस्टंटांच्या मते पोप. लंडनमध्ये जानेवारी १६६१मध्ये ‘पाचव्या राज्या’साठी एक लहानसे बंडही झाले आणि मोडले. आयझॅक न्यूटनचे दानीएल आणि प्रकटीकरण यांवरचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १७३३मध्ये निघाले.

कोकणच्या वाचकाला यांतले सर्वांत जवळचे नाव अँटोनियो विएरा या पोर्तुगीज जेझुइटाचे. शिळेचे पाचवे साम्राज्य म्हणजे पोर्तुगाल, असे त्याचे म्हणणे. पोर्तुगालचा राजा चौथा जॉन १६५६मध्ये वारला होता, तरी तो पुन्हा जिवंत होऊन हे साम्राज्य स्थापील असे विएराने १६५९मध्ये लिहिले आणि त्यापायी इन्क्विझिशनने त्याच्यावर खटला चालवला. त्याच राजाची मुलगी कॅथरीन हिच्या लग्नाच्या १६६१च्या करारात मुंबई बेट इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला आंदण गेले. वसईचा किल्ला १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी घेतला. पाचवे साम्राज्य उत्तर कोकणातून उठले ते असे.

बेने इस्राएल : चौथे राज्य ग्रीकांचे धरणाऱ्या वाचनात लहान शिंग म्हणजे चौथा अँटायोकस. त्याच्याशी मराठी मुलखाचा सर्वांत जुना धागा ज्यूंकडून येतो. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या बेने इस्राएल या कोकणातल्या ज्यूंच्या इतिहासात अशी मांडणी आहे की, याच चौथ्या अँटायोकसच्या काळात, इ. स. पू. १७५च्या सुमारास, पूर्वज गालील सोडून निघाले आणि अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी त्यांचे जहाज फुटले. जुन्या बेने इस्राएलांना हनुक्का हा सण ठाऊक नव्हता, हे याला पुरावा म्हणून दिले जाते, कारण तो सण अँटायोकसच्या हातून मंदिर सोडवल्यानंतरचा आहे. इतिहासकार ही तारीख सिद्ध मानत नाहीत. भारताचा आणखी एक धागा अँटायोकसच्या घराण्यातच आहे. मूळपुरुष सेल्युकस याला चंद्रगुप्त मौर्याकडून ५०० हत्ती मिळाले होते, आणि मक्काबींच्या पहिल्या पुस्तकात यहुद्यांवर चालून आलेल्या सीरियन फौजेच्या हत्तींवर हिंदी माहूत बसलेले आहेत.

पुणे आणि बारामती : एकोणिसाव्या शतकात भाकिते इतिहासाशी जुळवण्याच्या पद्धतीला तारखांचे वेड लागले. जोसेफ वुल्फ हा भटका मिशनरी १८३३मध्ये मुंबईत आला तो ख्रिस्त १८४७मध्ये परत येईल अशा खात्रीने. अमेरिकेत विल्यम मिलर या शेतकऱ्याने आठव्या अध्यायातल्या २,३०० दिवसांची वर्षे केली, ती इ. स. पू. ४५७पासून मोजली आणि १८४३चा अंदाज बांधला. पुढे २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख ठरली. ती कोरडीच गेली. त्या निराशेतून सावरलेल्यांनी १८६३मध्ये सेव्हंथ डे ॲडव्हेंटिस्ट संघटना उभारली. तारीख बरोबर होती, पण त्या दिवशी घडले ते पृथ्वीवर नव्हे, स्वर्गातल्या मंदिरात, असा त्यांनी अर्थ लावला आणि नवी तारीख देणे बंद केले.

या संघटनेचा ‘ओरिएंटल वॉचमन’ छापखाना कोलकाता आणि लखनौ करून पुण्यात सॅलिसबरी पार्कात आला. १९१५मध्ये कोइमतूरला सुरू झालेले तिचे विद्यालय बंगळूरमार्गे १९४२मध्ये पुण्यात आले. तेच आजचे औंध रस्त्यावरचे स्पायसर विद्यापीठ. ज्यांचे नाव त्याला दिले ते विल्यम स्पायसर यांनी कोलकात्यात ‘ओरिएंटल वॉचमन’ मासिकाचे संपादन केले होते, आणि आपला काळ भाकितांच्या उजेडात पाहणारे त्यांचे १९१७चे इंग्रजी पुस्तक पुतळ्याच्या स्वप्नावर बराच भर देते. ॲडव्हेंटिस्ट सभांत पुतळ्याचा रंगीत तक्ता टांगून शिकवण्याची रीत मिलरच्या अनुयायांनी १८४२मध्ये केलेल्या तक्त्यापर्यंत मागे जाते. या वाचनात पावले म्हणजे फुटलेला युरोप आणि शिळा अजून यायची आहे.

बारामतीला विसाव्या शतकाच्या सुरुवातीस ऑस्ट्रेलियातल्या चर्चेस ऑफ ख्राइस्ट या पंथाचे मिशन आले. पुढे दौंड, श्रीगोंदे या बाजूलाही त्याचे काम पसरले. या पंथाच्या परंपरेत शिळा सहसा भविष्यातली नसते. रोमन राजवट चालू असतानाच, पेन्टेकॉस्टच्या दिवशी यरुशलेममध्ये मंडळी स्थापन झाली, तेच दानीएलाने सांगितलेले राज्य. म्हणजे एखाद्या प्रवाशाला, समजा केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९२४मध्ये छापून पुरे झालेले पंडिता रमाबाईंचे मराठी बायबल हाती घेऊन निघालेल्याला, पुणे आणि बारामती या दोन गावांत एकाच वचनाचे दोन काळ ऐकायला मिळाले असते.

ॲडव्हेंटिस्टांच्या प्रचलित यादीत पुतळ्याच्या पावलांची दहा बोटे म्हणजे फ्रँक, व्हँडल, लोंबार्ड, बर्गंडियन अशा दहा टोळ्या. त्यांतली एक अँग्लो-सॅक्सन, म्हणजे इंग्रज. सणसरच्या शेतांना नंबर देणारे, नीरेचा डावा कालवा खोदणारे आणि सूर्य न मावळणारे म्हणून मिरवणारे साम्राज्य या तक्त्यात पायाच्या एका बोटात मावते. मौर्य, मोगल आणि मराठे यांना पुतळ्यात जागाच नाही.