देवळाचे अंगण : मुलांची पहिली नाट्यशाळा

देवालय आणि नाटक यांचे नाते आपल्याकडे फार जुने आहे. गाभाऱ्यात पूजा आणि सभामंडपात कीर्तन, लळित किंवा दशावतार, असा क्रम कित्येक गावांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला. ह्या खेळांनी मोठ्या माणसांची करमणूक केली हे तर खरेच. परंतु त्यांचे अधिक मोलाचे कार्य मुलांच्या बाबतीत झाले. शाळा गावात येण्यापूर्वी पुष्कळ मुलांना पुराणकथा, शुद्ध वाणी, गाणे आणि चारचौघांत उभे राहण्याचे धैर्य मिळाले ते देवळाच्या अंगणातच.

तळकोकणातील दशावताराचेच उदाहरण घ्यावे. कार्तिकापासून तेथे जत्रा सुरू होतात. पालखीची प्रदक्षिणा झाली की दशावतारी मंडळी रंगून उभी राहतात. आरंभी गणपती येतो, मोरावर आरूढ सरस्वती येते, ब्रह्मदेवाचे वेद पळविणारा संकासुर येतो. त्यानंतर पौराणिक आख्यान लागते आणि पहाटे दहिकाल्याने सांगता होते. ह्या नाटकाची संहिता परंपरेने लिहिलेली नसते. कथेचा सांगाडा तेवढा ठरलेला. संवाद नटाने आयत्या वेळी उभे करावयाचे. समोरच्याने प्रश्न टाकला की तेथल्या तेथे उत्तर द्यावे लागते, आणि तेही पात्राला शोभेल असेच. त्यामुळे ह्या खेळात उतरणाऱ्या पोराला केवळ पाठांतर उपयोगी पडत नाही. दुसऱ्याचे बोलणे नीट ऐकावे, क्षणात विचार करावा आणि मग तोंड उघडावे, हा धडा त्याला प्रत्येक रात्री गिरवावा लागतो.

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगविले, तेव्हा हीच रीत त्यांच्या कामी आली. सूत्रधाराने पदे म्हणावी आणि पात्रांनी आपली भाषणे आयत्या वेळी करावी. स्त्रीभूमिका पुरुषांनी करावयाच्या, म्हणून कोवळ्या वयाची मुले मंडळीत घेतली जाऊ लागली. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ पुण्यात झाले आणि गोड गळ्याच्या मुलांना नाटक मंडळ्यांत अधिकच मागणी आली.

त्या मुलांनी पुढे काय केले, हे पाहण्यासारखे आहे. कोल्हापूरचे केशवराव भोसले अगदी लहानपणीच मंडळीत गेले. देवलांच्या ‘शारदा’ नाटकात म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीची भूमिका त्यांनी गाजविली. एका मुलाने मुलीचे दुःख आपल्या तोंडून बोलावे, ही गोष्ट लहान नव्हे. त्यांनीच १९०८ साली, अवघ्या अठराव्या वर्षी, ‘ललितकलादर्श’ स्थापन केली. गोव्यातील मंगेशीच्या देवळाच्या छायेत वाढलेल्या दीनानाथांनीही सहकाऱ्यांसह १९१८ मध्ये ‘बळवंत संगीत मंडळी’ उभारली, तेव्हा ते विशीच्या आतच होते. वयाच्या मानाने केवढी ही जबाबदारी! गावोगावचा मुक्काम, सामान, पगार, तालमी, हे सारे त्यांनी मंडळीत राहूनच शिकून घेतले होते.

तथापि ह्या चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ह्या मुलांपैकी पुष्कळांची शाळा सुटली आणि घर दूर राहिले. कंठ फुटला की स्त्रीपार्टी मुलाचे काय होणार, ही टांगती तलवार होतीच. नाव झाले ते थोड्यांचे. बाकीचे पडद्याआडच राहिले. आणि मुलींना तर बहुतेक मंडळ्यांची दारे बंदच होती. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’च्या ‘आंधळ्यांची शाळा’ ह्या नाटकात स्त्रियांनीच स्त्रीभूमिका केल्या, तेव्हा हा दंडक मोडू लागला. जुन्या रंगभूमीने मुले घडविली खरी, पण ती नाटकाच्या गरजेपोटी. मुलांच्या गरजेपोटी नव्हे.

हा विचार उलटा झाला तो १९५९ मध्ये. अमेरिकेत बालरंगभूमीचा अभ्यास करून आलेल्या सुधा करमरकर यांनी मुंबईत ‘लिटल थिएटर’ ही बालरंगभूमी सुरू केली आणि रत्नाकर मतकरींचे ‘मधुमंजिरी’ सादर केले. मतकरींनी १९६२ साली ‘बालनाट्य’ ही स्वतःची संस्था काढली. आता मुलांसाठी मुद्दाम नाटक लिहिले जाऊ लागले आणि त्यात मुलामुलींना बरोबरीने स्थान मिळू लागले. मतकरींनीच २०१४ मध्ये ठाण्यात ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. वस्त्यांमधील मुलांनी तेथे आपल्याच जीवनातील प्रसंग नाट्यरूपाने मांडले. ज्यांचे कोणी ऐकत नव्हते त्यांचे ऐकण्यासाठी प्रेक्षक बसले.

नाटकातून प्रत्येक मूल नट होत नाही, आणि तशी अपेक्षाही नसावी. परंतु तालमीला वेळेवर यावे, आपली पाळी येईपर्यंत थांबावे, दुसरा अडखळला तर त्याला सावरून घ्यावे, भालदाराचे कामही राजाच्या कामाइतक्याच मनापासून करावे, हे संस्कार पुस्तकातून होत नाहीत. राजाचा मुलगा भालदार होतो आणि मजुराची मुलगी राणी होते, तेव्हा गावातील अंतरेही काही काळ गळून पडतात.

देवालयाचा जीर्णोद्धार दात्यांच्या उदार हातांनी आणि गावकऱ्यांच्या श्रमाने होतो. सभामंडप मात्र माणसांनीच जिवंत राहतो. वर्षातून एकदा, उत्सवाच्या रात्री, गावच्या मुलांनी आणि मुलींनी मिळून बसविलेले एखादे नाटक तेथे व्हावे. देणगीतील थोडा वाटा पडद्यासाठी, दिव्यांसाठी आणि पेटी-तबल्यासाठी राखला जावा. पूर्वजांनी गाभाऱ्यासमोर एवढी मोकळी जागा ठेवली, तिचा तो योग्य मान होईल.